सणाच्या दिवशी सुनावणी

लांड्सक्रोना, स्वीडन, ६ मे

ती. इब्तिसामताईस,
सलवानचा सा. न. वि. वि. (साष्टांग घालायला या खोलीत जागा नाही, म्हणून उभ्यानेच घातला आहे. गोड मानून घे.)

विशेष म्हणजे कोर्टाची तारीख लागली. गेल्या हिवाळ्यात स्थलांतर कचेरीने माझा आश्रयाचा अर्ज फेटाळला तेव्हा तू फोनवर रडलीस आणि मी हसलो. दाजी मागून म्हणाले होते की याला परिस्थितीची जाणीवच नाही. आता त्यांना सांग की त्या नकाराची फेरतपासणी खुद्द न्यायाधीश करणार, १७ जुलैला, सकाळी दहाला. माझ्या वकीलबाई अनेली म्हणाल्या की हुरळून जाऊ नकोस, इथे हरलास तर पुढे फारसं काही उरत नाही, सरळ विमानात बसवून बगदादला पाठवतील. मी म्हटलं, बाई, मी हरणार नाही. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि आणखी एक दालचिनीचा पाव माझ्यापुढे सरकवला. या देशात माणसाची दया आली की त्याला पाव देतात.

कचेरीचं म्हणणं काय ते तुला एकदा नीट लिहितो, कारण दाजींना वाटतं की मीच तिथे काहीतरी बरळलो. आधी मी त्यांना सांगितलं की आम्ही मंदाई, ना मुसलमान, ना ख्रिस्ती, ना यहुदी. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला मानतो, वाहत्या पाण्यात पांढऱ्या कपड्यांनी बुड्या मारतो, आणि हे काम दोन हजार वर्षं चालू आहे. मग बसऱ्याचं सांगितलं. त्या टोळीने बाबांना चांदीच्या दुकानातून उचलून नेलं, आणि सोडलं ते कलमा पढवून, कागद करूनच. तिकडचा कायदा असा की बाप मुसलमान झाला की अज्ञान पोरंही आपोआप मुसलमान. मी अकरा वर्षांचा, तू लग्न होऊन दमास्कसला गेलेली. म्हणून एका आईच्या पोटची तू मंदाई आणि मी मुसलमान, कागदावर.

चौकशी करणारी बाई मान डोलावत सगळं लिहून घेत होती. मग तिने विचारलं, थोरला सण शेवटचा कधी पाळलास. मी खरं ते सांगितलं, अकराव्या वर्षी. नदीवर बाप्तिस्म्याला कितीदा गेलास. मोठेपणी एकदा. प्रार्थना म्हणून दाखव. अर्धी आली. झालं. निकालात लिहिलं की अर्जदाराचा धर्म नावापुरता आहे, कागदोपत्री तो मुसलमान आहे, गप्प राहिला तर त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही. त्या एकदाच नदीवर गेलो म्हणून दुकान जाळलं, भिंतीवर माझं नाव लिहून त्यापुढे धर्मबुडवा लिहिलं, तो त्यांना तुरळक प्रसंग वाटला.

बरं, ते राहू दे. इथे बोटी पाण्यात सोडायचा हंगाम चालू आहे. मी धक्क्यावर हेनिंग नावाच्या म्हाताऱ्याकडे बोटींची बुडं खरवडतो. त्याला सांगितलं की आमचे आजोबा लाकडाच्या होड्यांना डांबर फासायचे, आणि दलदलीतले लोक बोरूच्या होड्या करायचे त्यांनाही. बोरूच्या होडीवर त्याचा विश्वास बसला नाही. मग मी बंदरामागच्या ओढ्यातून बोरू तोडून आणले आणि जेवणाच्या सुट्टीत हातभर होडी करून दाखवली. तरंगली. मग त्याने तिच्यात आपलं सँडविच ठेवलं. बुडाली. तो म्हणाला, यात तुझ्या होडीचा दोष नाही, माझी बायको चीज फार घालते.

नधीमामावशी मजेत आहेत. मी राहतो ती खोली त्यांच्या घरातली सगळ्यात गार, म्हणून त्या मला रोज विचारतात की अजून जिवंत आहेस ना. आईला सांग, जेवतो. लोभ आहे हे ठाऊक आहे, तरी मधूनमधून लिहून कळवत जा, पोस्टमनलाही काम हवं.

तुझा,
सलवान


सिडनी, २१ मे

चि. सलवान यास अनेक आशीर्वाद, त्यातला एक कान पिळण्यासाठी राखून ठेवला आहे.

तुझं पत्र नेहमीप्रमाणे आईला मोठ्याने वाचून दाखवत होते. तारखेपाशी आले तेव्हा ती म्हणाली, थांब, परत वाच. मग तिने भिंतीवरचं मंदाई मंडळाचं कॅलेंडर काढायला लावलं. बाळा, सतरा जुलै म्हणजे आपला थोरला सण. सोळाच्या सूर्यास्ताला दार लावायचं ते अठराच्या सूर्योदयाला उघडायचं. आपली राखण करणारे सगळे वर परमेश्वराच्या भेटीला गेलेले असतात, खाली कुणी नसतं. म्हणून आपण आधी भरून ठेवलेलं पाणी पितो, आधी रांधलेलं खातो, नळाला हात लावत नाही, उंबरा ओलांडत नाही. जगात जिथे आपला माणूस आहे तिथे तो त्या दिवशी दाराआड बसलेला असतो. आणि तू नेमका त्याच सकाळी बूट चढवून, आगगाडीत बसून, न्यायाधीशाला सांगायला जाणार की साहेब, मी मंदाई आहे. इतकं उलटं काम तुलाच जमतं.

दाजी म्हणतात की कचेरीच्या वकिलाला हे कळलं तर त्याला काही बोलायलाच नको, नुसतं कॅलेंडर दाखवायचं.

तुला सण आठवला नाही याचं मला नवल वाटत नाही. दमास्कसला बसऱ्याच्या शेजारीणबाई भेटल्या होत्या, त्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं की तुमचा धाकटा थोरल्या सणाला दिवसभर बाजारात उंडारत असतो, घरचे बिचारे आत आणि हा बाहेर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आईला विचारलं तर ती काही बोलली नाही. तुला ती कधी बोललीच आहे म्हणा.

वकीलबाईंना सांगून तारीख बदलून घे. लाजू नकोस, मागितल्याशिवाय कुणी देत नाही. इथे सगळं ठीक. धाकटीचा बाप्तिस्मा झाला, नेपियन नदीचं पाणी इतकं गार होतं की तिने पुजाऱ्यांची दाढी धरून ठेवली, सोडेचना. आई काठावर बसून हसत होती.

उत्तर लवकर धाड. राग पत्र बंद करेपर्यंतच होता, तो पाकिटात घातलेला नाही. लोभ मात्र सगळा घातला आहे.

तुझी,
ताई


लांड्सक्रोना, ३ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि. आणि कान पुढे केला आहे.

पत्र वाचलं त्याच दिवशी सायकल काढून अनेलीबाईंकडे निघालो. वाटेत मोहरीसारखी पिवळी शेतं, त्यात एक ससा दोन पायांवर उभा, अगदी कारकुनासारखा. त्याच्या मागे गेलो आणि रस्ता चुकलो. एका शेतकरीणबाईंनी रुबार्ब नावाचे आंबट देठ दिले, साखरेत बुडवून खायचे. तिथे तासभर गेला. पोचलो तेव्हा अनेलीबाई कुलूप लावत होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्या परत आत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, हे मला आधी का नाही सांगितलंस. मी म्हटलं, माझ्याच लक्षात आलं नाही. त्या म्हणाल्या, हे वाक्य कोर्टात बोलू नकोस.

तारीख बदलून मागता येते. पण मग ती पुढच्या वसंतात पडेल, आणि आता ज्या न्यायाधीशबाई आल्यात त्या ऐकून घेणाऱ्या आहेत, पुढच्या वेळी कोण असेल सांगता येत नाही. मला आणखी एक हिवाळा असा काढायचा नाही, ताई. पेटी भरलेली ठेवून झोपायचं, पत्रपेटीचा आवाज झाला की उठून बसायचं. तेव्हा मी जाणार. एक दिवस बाहेर पडल्याने देव रुसत असेल तर तो माझ्यावर केव्हाच रुसून बसलाय.

आता पुढचं लिहितो ते आईला वाचून दाखवू नकोस.

शेजारीणबाईंनी सांगितलं ते खरं आहे. मी दर थोरल्या सणाला बाहेर असायचो. मला आई बाहेर पाठवायची.

बाबांचे कागद झाल्यावर गल्लीतले काही लोक लक्ष ठेवून होते, की यांचं मन बदललंय का नुसतंच तोंड. आपला सण कधी येतो हे त्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी सगळं घर दार लावून बसलं की कळलंच असतं. म्हणून आई सकाळी माझे केस विंचरायची, टोपली हातात द्यायची आणि सांगायची की सगळ्यांना मोठ्याने सलाम कर, पाव घे, बर्फ घे, चहाच्या टपरीवर बस, लोकांना दिसत राहा, दिवे लागायच्या आत घरी येऊ नकोस. कुणी विचारलं तर आईबाबा तापाने पडलेत म्हण. मग ती आतून कडी लावायची. आत बाबा, ती आणि पाण्याचे रांजण. घर आतून मंदाई राहावं म्हणून बाहेर एक जण मुसलमान दिसायला हवा होता. तो मी होतो. मोठा झाल्यावर सांगायलाही लागेना, मीच टोपली उचलायचो.

पाववाले हाजी मुहसिन यांना सगळं कळायचं. ते कधी एक शब्द बोलले नाहीत, फक्त ऊन चढलं की मला भट्टीमागच्या सावलीत बसवायचे आणि कुणी आलं की मोठ्याने म्हणायचे, आमचा सलवान सकाळपासून इथेच आहे. मग मी शत्त नदीच्या काठाने चालत सुटायचो, होड्या बघत. माझे पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून तू मला बोलतेस ना, ते तिथे शिकले.

कचेरीतल्या बाईने विचारलं की सण कधी पाळलास. का नाही पाळलास हे विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. सरकारी कागदावर कायमचं लिहून राहिलं असतं की याच्या आईने याला सणाला घराबाहेर काढलं, आणि ते मला नको होतं. अजूनही नको आहे. म्हणून म्हणतो, मी जातो. बाहेर पडायची मला सवय आहे, आणि न्यायाधीशबाईंना मी कसंही पटवीन.

नधीमामावशी म्हणतात की इथली कडक भाकरी कौलं शाकारायला आणलेली असावी, चुकून दुकानात आली. आईला एवढंच वाचून दाखव.

माझ्यावरचा लोभ कमी करायचा असेल तर सुनावणीनंतर कर, आत्ता जरा लागणार आहे.

सलवान


सिडनी, १८ जून

चि. सलवान यास अनेक आशीर्वाद, यावेळी कानाला हात न लावता.

अरे, मी पत्र फोडते ती थेट मोठ्याने वाचायलाच लागते, हे तुला ठाऊक नाही का? आईला वाचून दाखवू नकोस हे वाक्यही मी आईला वाचून दाखवलं. मग थांबले. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, आता ते पुढचं वाच.

वाचलं. ती सोलत राहिली. शेंगा संपल्या तरी हात चालूच होते, सालं परत टोपलीत आणि दाणे खाली. मला वाटलं रडेल. रडली नाही. मला म्हणाली की त्या शेजारणीने सांगितलं तेव्हा तू मला विचारलंस, तेव्हा मी गप्प बसले, कारण तू परदेशात दहा जणींत बोलली असतीस आणि बातमी फिरून गल्लीत आली असती. खरं आहे, बोलले असते. इतकी वर्षं मी तुला उनाड म्हणत आले, सलवान. ते मी मागे घेते. बाकीच्या गोष्टींसाठी अजून उनाडच आहेस.

पुढचं आई सांगते आहे तसंच लिहिते. मध्ये मी बोलत नाही.

सलवान, बाळा, तू माझी अब्रू झाकायला निघालास. माझ्या अब्रूला काय झालंय? मी पोराला बाहेर पाठवलं आणि घर वाचवलं. यात चोरी कसली? न्यायाधीशबाईंना सगळं सांग. माझं नाव घालून सांग, मलीहाने पाठवलं म्हण. लिहून ठेवू देत. त्यांना खोटं वाटलं तर मला फोन लावायला सांग, मी जागी असेन. आणि तू त्या दिवशी बाहेर होतास, पण उपरा नव्हतास. तुझ्या वाटणीचं पाणी मी वेगळ्या सुरईत भरून, झाकून ठेवायची. संध्याकाळी आलास की तेच प्यायला द्यायची. तुला वाटायचं नळाचं आहे. आता यंदाचं. इतकी वर्षं मी तुला त्या दिवशी बाहेर काढलं. यंदा मीच सांगते, घरात बस. कोर्टाचं काय करायचं ते तुझ्या त्या पाव देणाऱ्या बाईंना विचार, त्यासाठीच त्या शिकल्यात. पण उंबरा ओलांडायचा नाही.

एवढं सांगून ती उठली आणि शेंगा पुन्हा निवडायला मला दिल्या.

मला भीती वाटते, हे खोटं कशाला बोलू. घरात बसलास आणि त्यांनी तुझ्याविना निकाल लावला तर? पण आईच्या आवाजात भीती नव्हती, म्हणून मी माझी गुंडाळून ठेवली आहे.

आम्हा दोघींचा लोभ एकाच पाकिटात, वजन जास्त झालं तरी तिकीट पुरेसं लावलं आहे.

ताई


लांड्सक्रोना, ४ जुलै

ती. ताई आणि ती. आई, दोघींना मिळून एक सा. न. वि. वि., कारण वाचणार दोघीच एकदम.

आईचं म्हणणं मी अनेलीबाईंना जसंच्या तसं सांगितलं. टोपली, पाव, सुरई, सगळं. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग स्वीडिशमध्ये काहीतरी पुटपुटल्या, त्याचा अर्थ मी हेनिंगला विचारला तर तो म्हणाला की हा शब्द वकिलांना शोभत नाही. मग मला म्हणाल्या, गाढवा, हीच तर तुझी केस आहे आणि तू ती खिशात घालून फिरतोयस.

त्यांनी कोर्टाला अर्ज केला की अशिलाला धर्मामुळे त्या दिवशी घर सोडता येत नाही, तरी त्याची साक्ष संगणकाच्या पडद्यावरून घ्यावी. आता जुलै म्हणजे हा अख्खा देश बेटांवरच्या लाकडी झोपड्यांत जाऊन बसतो, पाय पाण्यात सोडून. अर्ज करून त्याही गेल्या. उत्तर येईना. फोन केला तर त्या झाडावर चढून बोलत होत्या, खाली आवाज पोचत नाही म्हणे. काल उत्तर आलं. मंजूर. त्या स्वतः आणि दुभाषी कोर्टात, मी नधीमामावशींच्या स्वयंपाकघरात. अट एकच की मी बोलत असताना खोलीत दुसरं कुणी नको.

ही अट मावशींना सांगितली तेव्हा त्या खुर्चीत बसल्या. कारण आसपासचे आपले जेवढे एकटे जीव आहेत ते सगळे थोरल्या सणाला त्यांच्याकडे येतात, आणि एकदा आले की उजाडेपर्यंत बाहेर कसे घालवणार? शेवटी ठरलं की सगळ्यांना निजायच्या खोलीत कोंबायचं आणि तोंडाला खजूर लावायचा, म्हणजे बोलणार नाहीत.

पुजारीबुवाही येऊन गेले. मावशींनी विचारलं की त्या दिवशी संगणकाला हात लावलेला चालतो का. त्यांनी पुष्कळ विचार करून विचारलं की हे यंत्र पाण्यावर चालतं का. नाही म्हटल्यावर चालेल म्हणाले. मी त्यांना विनवलं की राहिलेली अर्धी प्रार्थना कोर्टासाठी शिकवा. ते नाही म्हणाले. कोर्टासाठी शिकलास तर ती कोर्टाची होईल, आपली करायची असेल तर सुनावणी झाल्यावर ये, मग कितीही वेळ लागो. म्हणजे अर्ध्या प्रार्थनेवरच जातोय. जातोय कुठला, बसतोय.

सुनावणीच्या वेळी तिकडे संध्याकाळ असेल, आणि तुम्हीही दाराआडच असाल. लोभ दाराच्या फटीतून येतो म्हणतात, तसा येऊ द्या.

सलवान


लांड्सक्रोना, १९ जुलै

ती. ताई, ती. आई, सा. न. वि. वि. आणि सणाच्या शुभेच्छा उशिराने, कारण दार कालच उघडलं.

सोळाला संध्याकाळी मावशींनी सगळी भांडी भरली. बादल्या, पातेली, फुलदाणीसुद्धा. नळाला फडकं बांधलं, चुकून कुणाचा हात जायला नको. दाराला कडी घातली. ताई, कडीचा आवाज मी अकराव्या वर्षानंतर पहिल्यांदा आतून ऐकला.

सकाळी दहाला सगळ्यांना आतल्या खोलीत घातलं. मी ओट्यापाशी बसलो, मागे पातेल्यांची रांग. पडद्यावर न्यायाधीशबाई, बारीक चणीच्या, पांढरे केस कापलेले. शेजारी तीन साधी माणसं, इथे न्यायाधीशाबरोबर गावातले लोक बसवतात. एकाने भर जुलैत लोकरीचं जाकीट घातलेलं, एकीचं नाक उन्हाने सोललेलं. कचेरीतर्फे एक तरुण, माझ्याच वयाचा, फार सभ्य. तो हसून बोलत होता आणि प्रत्येक वाक्यात मला बगदादला पाठवत होता.

त्याने आधी कागदावरचा धर्म काढला. मग अर्धी प्रार्थना. मग म्हणाला की इतकी वर्षं या माणसाने हा सण पाळला नाही हे त्याने स्वतः सांगितलंय, आणि आज, नेमक्या सुनावणीच्या दिवशी, त्याला उंबरा ओलांडता येत नाही, हे कोर्टाने लक्षात घ्यावं. लोकरीच्या जाकिटाने माझ्याकडे बघत कागदावर काहीतरी लिहिलं. खोटं का बोलू, तेवढा एक क्षण मला वाटलं की गेलं.

न्यायाधीशबाईंनी विचारलं की यावर काही बोलायचंय का. मी आईचं नाव घेतलं. मलीहाने मला पाठवलं, म्हटलं. आणि मग सगळं सांगितलं, तिने केस विंचरण्यापासून. दुभाषी बगदादचा होता, मध्येच त्याने पाणी मागितलं. मी म्हटलं की मी अकरा वर्षांचा असल्यापासून या दिवशी बाहेर असायचो कारण कुणीतरी दिसायला हवं होतं. यंदा मी बाहेर दिसायची कुणालाच गरज नाही, म्हणून आत आहे.

कचेरीच्या तरुणाने पुढचा कागद उलटला. मग हळूच म्हणाला, पण म्हणजे तेव्हा तुम्हाला काही इजा झाली नाही. गप्प राहून तुम्ही सुरक्षित होतात. तसंच परत राहता येईल. मी म्हटलं, साहेब, तुम्हाला वाटतं गप्प राहायचं म्हणजे तोंड मिटायचं. आमच्याकडे गप्प राहायला दर वर्षी घरातलं एक पोर बाहेर काढावं लागतं. उद्या मला पोरगं झालं तर त्याच्या हातात टोपली कोण देणार, मी?

तेवढ्यात आतल्या खोलीत कुणीतरी शिंकलं. अशी शिंक की पातेल्यावरची झाकणं वाजली. न्यायाधीशबाई म्हणाल्या, तिथे कुणी आहे का. मी म्हटलं, आहेत, पुष्कळ आहेत, पण त्यांना बाहेर काढता येत नाही, आज कुणीच बाहेर जात नाही. सोललेल्या नाकाची बाई हसली, मग तिने हात तोंडावर घेतला. अनेलीबाई उठून म्हणाल्या की खोली वेगळी आहे, दार बंद आहे, अट पाळलेली आहे. न्यायाधीशबाईंनी त्या तरुणाला हरकत आहे का विचारलं. तो म्हणाला, नाही. त्यांनी लिहून घेतलं. मग मला म्हणाल्या की तुमच्या मागे इतकी भांडी का आहेत. मी सांगितलं. तेही लिहून घेतलं.

निकाल लेखी येणार, काही आठवड्यांनी. संपल्यावर मावशींनी निजायच्या खोलीचं दार उघडलं तर आतून सगळी वरात बाहेर पडली, प्रत्येकाच्या तोंडात खजूर. मग पत्ते. मी एका जागी इतका वेळ आयुष्यात बसलो नव्हतो. दुपारी पाय वळवळायला लागले तेव्हा मावशींनी मला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायची परवानगी दिली.

आई, मला वाटतं आपण जिंकलो. कागद यायचाय एवढंच. तोवर लोभाचा कागद तुम्ही धाडा.

सलवान


सिडनी, ३ ऑगस्ट

चि. सलवान यास अनेक आशीर्वाद. थोडक्यात लिहिते, आई शेजारी उभी आहे, पोस्ट बंद होईल म्हणते.

तिने तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं, आणि मग मंडळात नेऊन मला तिसऱ्यांदा वाचायला लावलं. शिंकेपाशी सगळे हसले, टोपलीपाशी कुणी हसलं नाही. एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले की आमच्या घरातून माझा थोरला भाऊ जायचा. मग आणखी एक बाई म्हणाल्या, आमच्यातून मी. इतकी वर्षं शेजारी शेजारी बसतो आम्ही, कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आई त्यांच्याजवळ जाऊन बसली ती दिवे लागेपर्यंत उठली नाही.

कचेरीच्या त्या मुलाबद्दल ती म्हणते की सभ्य आहे, त्याच्या आईला भेटायला हवं. दाजी म्हणतात की तुझ्यात वकिलाचे गुण आहेत. हे मी नाइलाजाने कळवते. बाकी लोभाचं सांगायला नको, पण सांगायची पद्धत आहे म्हणून सांगितलं.

ताई


लांड्सक्रोना, २ डिसेंबर

ती. ताई, ती. आई, सा. न. वि. वि. आज साष्टांगही घातला, खोली बदलली आहे.

निकाल फोनवर सांगितला तेव्हा तुम्ही दोघी एकदम बोलत होतात आणि दाजी मागून ओरडत होते, त्यामुळे मी काय सांगितलं आणि तुम्ही काय ऐकलंत देव जाणे. म्हणून लिहितो. कोर्टाने कचेरीचा नकार रद्द केला आणि मला आश्रय दिला. चौघांचंही एकमत झालं, लोकरीच्या जाकिटाचंसुद्धा. अनेलीबाईंनी मला त्यातलं एक वाक्य दाखवलं. अर्जदाराने सण न पाळणं हा श्रद्धा नसल्याचा पुरावा नसून छळाचा परिणाम आहे, असं कोर्टाला वाटतं. आणि त्याच्या खालच्या ओळीत आई, तुझं नाव आहे. कचेरीने पुढे अपील केलं नाही.

मग कागदपत्रांची धावपळ, ती सांगत बसत नाही. मधल्या काळात मी उत्तरेला जाऊन आलो, हेनिंगच्या भाच्याच्या ट्रकमधून, नुसता बघायला. रेनडियर रस्त्यात उभा राहतो आणि हलत नाही, हॉर्न वाजवला तर आपल्याकडे असा बघतो की आपणच चुकलो. ते पुढच्या पत्रात.

पुजारीबुवांकडे जातो. प्रार्थना पाऊण आली.

सांगायचं होतं ते हे. परवा ओळखपत्र काढायला गेलो. खिडकीत एक पोरगी, नखं हिरवी रंगवलेली. नाव विचारलं, जन्मतारीख, पत्ता, लग्न झालंय का. मी उत्तरं देत होतो आणि वाट बघत होतो. बसऱ्याच्या दाखल्यावर हा रकाना नावाच्या खालोखाल असायचा. तिने टकटक करून सगळं भरलं आणि म्हणाली, झालं. मी म्हटलं, धर्म राहिला. ती म्हणाली, तो आम्ही विचारत नाही. मी म्हटलं, एकदा नीट बघा, कुठेतरी रकाना असेल. तिने पडदा माझ्याकडे वळवला. नव्हता. सव्वा वर्ष, एक कचेरी, एक कोर्ट, चार न्यायाधीश, आणि लिहायला जागाच नाही. आधी मला रागच आला.

मागे रांग होती. मी तरी तिला सांगितलंच. म्हटलं, मी मंदाई आहे. मोठ्याने म्हटलं, रांगेतल्यांनी ऐकलं. कुणी वळून बघितलं नाही, एका बाईने फक्त मुलाचं नाक पुसलं. हिरव्या नखांच्या पोरीने मान डोलावली आणि म्हणाली, बरं, आता बूट काढून त्या भिंतीला टेकून सरळ उभे राहा, उंची मोजायची आहे.

आईला वाटते त्याहून दोन बोटं कमी भरली. तिच्या लेखी जेवढी आहे तेवढीच धरावी आणि लोभही त्याच मापाने असावा, ही विनंती.

तुमचा,
सलवान